काकडीचा मांडव इतक्यात उतरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या परसबागेच्या सदरात ‘अनंत चतुर्दशी झाली की काकडीचे वेल उपटून मांडव मोकळा करावा’ असा सल्ला वाचला. देशावर तो चालत असेल. आमच्या गुहागर तालुक्यात दिवाळीच्या धोंडसाचं (काकडीच्या गोड केकचं) तवसं, म्हणजे वेलावर पिकवलेली मोठी काकडी, त्यानंतरच तयार होतं. मृगावर टोचलेला वेल गणपतीपर्यंत दमतो, हे मान्य. पण आषाढ संपताना जे बी टोचतो, तो वेल भाद्रपदात कुठे फुलाला आलेला असतो. तोही उपटायचा?

उलट दिवस लहान होऊ लागले, रात्री जरा गार झाल्या की काकडीला मादी फुलं जास्त येतात. मादी फुलामागे इवलीशी काकडी आधीच असते, ओळखायला कष्ट नाहीत. घोडं अडतं ते परागीभवनाशी. पावसाची झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत. मग ती काकडी पिवळी पडून गळते, नाहीतर एकीकडे फुगते आणि एकीकडे आखडते. अशा वेळी मी सकाळी लवकर ताजं नर फूल खुडते, पाकळ्या काढून टाकते आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवते. शेजारच्या काकू याला लग्न लावणं म्हणतात. म्हणोत, फळ धरतं ना!

पिकायला वेलावर दोनच काकड्या ठेवाव्यात. त्या मुठीएवढ्या झाल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे वेलाचा जोर पाल्यात जात नाही. बी धरलेलं फळ अंगावर असलं की वेल नव्या फळाला कुचराई करतो, म्हणून कोशिंबिरीच्या कोवळ्या काकड्यांसाठी वेल वेगळा राखावा.

खरी वैरीण फळमाशी. कोवळ्या फळाला टोचून ती आत अंडी घालते. बाहेरून डिंकासारखा एक थेंब दिसतो, आणि चिरल्यावर आत अळ्या. वासाने माश्या ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबू नये. पाऊस ओसरला की मी फळाला कागदी पिशवी बांधते. (पिशवी आपल्याच अंकाची असते, राग नसावा.) किडकी काकडी बांधावर भिरकावणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे, ती खोल पुरा. त्यातल्या अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन येतात.

दसऱ्यानंतर ऊन तापतं. काकडीची मुळं वरवरची, पाण्याचा ताण पडला तर फळ कडू होऊ शकतं. बुंध्याशी पातेरा (वाळका पाला) पसरून संध्याकाळी पाणी द्यावं. भुरीने, म्हणजे पिठासारख्या बुरशीने, पांढरी झालेली खालची पानं काढावीत. भुरीवर गंधक भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

साल पिवळसर तांबूस होऊन तिच्यावर जाळी उठली की देठासकट तवसं उतरवावं आणि सुंभाने पडवीच्या वाशाला टांगावं. देठ तुटला तर ते लवकर सडतं.

तेव्हा सदर लिहिणाऱ्यांनी पुढच्या वर्षी कोकणचं वेळापत्रक वेगळं छापावं, एवढीच विनंती. आणि ते ज्येष्ठात छापावं. आषाढात बी टोचायचं असतं, भाद्रपदात वाचून उपयोग नाही.

आपली नियमित वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी