शनिवारच्या फोनबद्दल

प्रिय आई, बाबा,

गेले तीन शनिवार माझा फोन आला नाही म्हणून आई रुसली आहे, हे मला बाबांच्या आवाजावरून कळलं. संध्याकाळी साडेसातला "ती झोपली आहे" असं बाबा सांगतात तेव्हा ती शेजारीच बसलेली असते, इतकं ओळखते मी तुम्हा दोघांना. मागच्या वेळी कारण सांगायला गेले तर मागून आवाज आलाच, "परक्या मुलींसाठी वेळ आहे तिला." त्यावर फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं. म्हणून लिहायला बसले.

शनिवारी संध्याकाळी मी सर्जरीच्या तीन रेसिडेंट मुलींबरोबर, म्हणजे सर्जन व्हायला शिकणाऱ्या डॉक्टरांबरोबर, बसते. ही शिकवणी नव्हे. ऑपरेशन कसं करायचं ते त्यांना सर शिकवतात आणि उत्तम शिकवतात. मलाही सरांनीच घडवलं. पण काही गोष्टी सरांना सांगता येत नाहीत, कारण त्या त्यांना कधी अडल्याच नाहीत.

मी स्वतः रेसिडेंट म्हणून दुसऱ्या वर्षाला असताना एका लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, माझ्या हातात स्टेपलर आला. आतडं एकाच वेळी शिवणारं आणि कापणारं हे उपकरण मूठ पूर्ण आवळली तरच नीट चालतं. मला सर्वांत लहान, म्हणजे साडेपाच-सहा नंबरचे ग्लोव्हज लागतात. दांडा माझ्या मुठीत मावेचना. दाब अर्धवट पडला तर धोका पेशंटला, म्हणून सरांनी तो काढून घेतला आणि केस पुरी केली. ओरडले नाहीत. "जोर कमी पडतोय, व्यायाम कर," एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन महिने मी हातात स्प्रिंग घेऊन दाबत बसायचे. बाबा, सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंही होतंत, हे काय नवीन खूळ.

मग एका मॅडमच्या युनिटमध्ये पोस्टिंग लागलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तसंच झगडताना पाहिलं. म्हणाल्या, "ताकद आहे तुला. दांडा मोठ्या हातासाठी बनवलाय. दोन्ही हातांनी धर. आणि आधी टेबल खाली घे." टेबल खाली घ्यायला सांगता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. दीड वर्ष मी खांदे कानांपर्यंत उचलून काम करत होते आणि रात्री मान दुखायची ती माझ्याच कमकुवतपणाची खूण समजत होते. आई, तू मला तेल लावून मान चोळून द्यायचीस तेच ते दुखणं. टेबल चार बोटं खाली गेलं आणि ते दुखणं थांबलं.

अशा किती गोष्टी होत्या! एक्स-रे चालू असताना घालायचा शिशाचा एप्रन सैल असला तर काखेजवळची बाजू उघडी राहते, म्हणून मापाचा एप्रन मागून घ्यायचा. दिवस गेले असतील तर युनिटमध्ये कुणाला, कधी आणि लेखी कसं सांगायचं. मीटिंगमध्ये आपण बोललेलं दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आलं तर न चिडता "हो, तेच मी मघाशी म्हणत होते" असं म्हणायचं. पेशंटचे नातेवाईक "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" असं विचारतात तेव्हा सिस्टरचा अपमान न करता आपली ओळख कशी द्यायची. पुस्तकात यातलं काही नाही. परीक्षेतही येत नाही. पण यातलं एकेक कारण धरून मुली सर्जरी सोडतात, आणि सोडताना म्हणतात, मला जमलं नाही.

मॅडमनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तर माझ्या माघारी केली. एका प्रशिक्षणासाठी नावं ठरत होती. कुणीतरी म्हणालं, तिचं नुकतंच लग्न झालंय, तिला आत्ता जमायचं नाही. मॅडमनी फक्त विचारलं, "तिला विचारलंत का?" माझं नाव राहिलं. हे मला वर्षभराने ऑफिसमधल्या क्लार्ककडून कळलं, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आई. आपण खोलीत नसताना आपलं नाव घेणारं माणूस विरळा.

आता तुझ्याबद्दल. रागावू नकोस. तू बढती नाकारलीस ती गोष्ट आपल्या घरात "आईने आमच्यासाठी सोडली" अशी सांगतात. मीही तशीच सांगत आले. पण तुझ्या निवृत्तीच्या वेळी तू मला एकदाच, भाजी निवडता निवडता बोलली होतीस की बढतीबरोबर येणारी बदली सहा महिने पुढे ढकलण्यासाठी अर्ज करता येत होता, आणि हे तुला तेरा वर्षांनी कळलं. तुझ्या मागून आलेल्या दोघींनी तो अर्ज केला आणि बढतीही घेतली. तुझ्या वेळी कचेरीत तुझ्या वरच्या जागेवर एकही बाई नव्हती. पुरुषांपैकी कुणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. त्यांना वाटलं असेल, हिला नकोच असेल. त्याग वगैरे सगळं खरं, पण एक ओळीची माहिती नव्हती हेही तितकंच खरं, आणि मला त्या दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग येतो.

बाबा, तुम्हाला सनावळ्या आवडतात, म्हणून हा भाग तुमच्यासाठी. एलिझाबेथ ब्लॅकवेल 1849 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. 1859 मध्ये त्यांनी लंडनला व्याख्यानं दिली, ती ऐकायला एलिझाबेथ गॅरेट नावाची तरुणी आली होती. दोघींची भेट झाली आणि गॅरेट डॉक्टर व्हायच्या मागे लागली. 1865 मध्ये तिने एका संस्थेची परीक्षा देऊन परवाना मिळवला, तर त्या संस्थेने नियमच असे बदलले की तिच्या वाटेने दुसरी कुणी येऊ नये. म्हणजे पहिली आत गेली की दार आपोआप उघडं राहतं, असं काही नसतं. 1869 मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांनी एडिंबराच्या विद्यापीठात एकटीने प्रवेश मागितला, तो एका बाईसाठी वेगळी सोय करता येत नाही म्हणून नाकारला गेला. मग त्यांनी जाहिरात देऊन आणखी जणी गोळा केल्या. सात झाल्या. त्यातली एक एडिथ पीची. रसायनशास्त्रात सर्वांत वरचा नंबर काढूनही तिची शिष्यवृत्ती खालच्या मुलाला दिली गेली. एडिंबराने त्यांना पदवी दिलीच नाही, तेव्हा 1874 मध्ये जेक्स-ब्लेक यांनी लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय उभं केलं.

हीच पीची 1883 मध्ये मुंबईला आली आणि कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. बालपणी लावून दिलेलं लग्न मानायला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना तिने डॉक्टर व्हायला प्रोत्साहन दिलं आणि मदतही केली. रखमाबाई शिकायला गेल्या ते लंडनच्या त्याच विद्यालयात, आणि तेव्हा तिथल्या डीन होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. 1859 च्या व्याख्यानातली श्रोती! 1894 मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि सुरतेला येऊन त्यांनी बायकांच्या दवाखान्याचा कारभार घेतला. हे मी एका नाइट ड्यूटीत वाचलं आणि पहाटेपर्यंत डोक्यात तीच साखळी फिरत होती.

तुम्ही म्हणाल, ह्या गोष्टी झाल्या, आकडे कुठे आहेत? आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या 150 मुली घेतल्या. काहींना वरच्या वर्गातली मुलगी मार्गदर्शक दिली, काहींना मुलगा, काहींना कुणीच नाही. हा अभ्यास 2017 मध्ये छापून आला. मुलगी मार्गदर्शक मिळालेल्यांपैकी पहिल्या वर्षात एकीनेही इंजिनिअरिंग सोडलं नाही. बाकीच्या दोन्ही गटांतून गळती झाली. गंमत म्हणजे मार्क वाढले म्हणून त्या टिकल्या असं नव्हतं. आपण इथल्याच आहोत आणि आपल्याला हे जमेल, हा भरवसा टिकला. माझ्या स्प्रिंग दाबण्याच्या दोन महिन्यांत नेमका तोच गेला होता.

सगळं गोड आहे असं समजू नका. आमच्याकडे एक सिनिअर बाई होत्या, त्यांचं ब्रीदच होतं की आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा. गरोदर रेसिडेंटला त्यांनी जितकं पिळलं तितकं कुठल्या पुरुषाने पिळलं नसेल. बाई आहे म्हणून ती बाईला हात देईलच, असं नाही. आणि दुसरं, हे काम कुठल्याच कागदावर मोजलं जात नाही. मी तीन शनिवार दिले, त्या वेळात माझ्या बरोबरीच्या एका सहकाऱ्याने संशोधनाचा पेपर लिहून संपवला, बढतीच्या वेळी त्याचा पेपर दिसेल. मुलींचा काही प्रश्न आला की "मॅडमकडे जा" म्हणून पाठवून देणारे सरही आहेत. म्हणून मी आता विभागप्रमुखांना लिहून दिलंय की हे तास ड्यूटीत धरा. अजून उत्तर नाही.

आईचा खरा प्रश्न वेगळा आहे, तो तिने मोठ्या मावशीकडे बोलून दाखवला: उद्या यातलीच एखादी माझ्या डोक्यावर बसली तर? बसेल कदाचित. एक तर माझ्यापेक्षा सफाईदार टाके घालते, आत्ताच. पहिल्या दिवशी मलाही जरा टोचलं होतं.

परवा त्याच मुलीने भर केसमध्ये सरांना म्हटलं, "सर, टेबल थोडं खाली घेऊ?" मी पलीकडे उभी होते, माझाच श्वास अडकला. सर म्हणाले, "घे की. आधी बोलायचंस." आणि टेबल खाली गेल्यावर स्वतः वाकून काम केलं बिचाऱ्यांनी.

तर शनिवार जाणार. फोन रविवारी सकाळी नऊला करीन, ड्यूटी असली तरी. आई, बढती नाकारलीस त्या अर्जाची प्रत तू निळ्या फाइलमध्ये ठेवली आहेस, मला ठाऊक आहे. ती काढून ठेव. तू काय कारण लिहिलं होतंस ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. बाबा, त्या वेळी ती झोपली आहे असं सांगू नका.

तुमची
धाकटी