मुलींना सहा नंबरचाच चेंडू द्या

महोदय,

शालेय बास्केटबॉल स्पर्धा तोंडावर आल्या की अनेक शाळांत मुलींचा सराव मुलांच्या सात नंबरच्या चेंडूवर उरकला जातो. तो साधारण ६०० ग्रॅमचा असतो. मुलींचा सहा नंबरचा ५३० च्या आसपास आणि घेरालाही लहान. जड चेंडू बास्केटपर्यंत पोचवण्यासाठी मुली तो खांद्यापासून ढकलतात, कोपर बाहेर जातो. मग सामन्यात हलका चेंडू हाती आला की नेम लांब जातो. शाळेने सहा नंबरचे चार चेंडू घेतले तरी संघाचे भागते.

त्याहून गंभीर प्रश्न गुडघ्यांचा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल (हाडांना जोडून ठेवणारा अस्थिबंध) फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. उडीनंतर पाय ताठ ठेवून, गुडघे आत वळवून उतरले की घात होतो. म्हणून आठवड्यातून किमान तीनदा, सरावाआधी १५ मिनिटे, गुडघे वाकवून आवाज न करता उतरण्याचा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम हवाच. सिमेंटच्या कोर्टवर तर टाळूच नये.

पाचव्या फाउलला खेळाडू बाद होते. उंच मुलीला पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले, तर तिला लगेच बसवा. त्यासाठी बदली मुलींना सरावात मुख्य पाच जणींइतकाच वेळ मिळायला हवा.

– एक बास्केटबॉल प्रशिक्षक, पुणे