हप्त्यावर बॉडी घेण्याआधी

रत्नागिरी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हप्त्यावर फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची बॉडी घेण्याबद्दल इतक्या घाईने बोलत होतास की मला मध्ये तोंड उघडायला जागाच मिळाली नाही, म्हणून लिहितेय. बाबांना विचारशील तर ते "घे की" म्हणून मोकळे होतील. स्टुडिओत नव्या यंत्राला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही, माळ्यावर चढलास की दिसेलच. मी मात्र आधी हिशोब मांडणार.

तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, फुलफ्रेमचा ३६ बाय २४. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त भरतं, म्हणजे कमी उजेडात तुला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका, आणि वर चिमूटभर फायदा. तो फायदा खरा आहे. पण तू अजून कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर काढतोयस, आणि ती ५५ एमएमवर नेली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी). तिच्या जागी एफ १.८ ची ५० एमएम लाव. जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, तीन स्टॉपांच्याही वर. आणि ही लेन्स त्या बॉडीच्या दहाव्या हिश्श्यात येते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर नेली की फोटो खरखरीत येतात म्हणतोस, तेच फोटो ८०० वर निघतील. मग बॉडीचं काय ते बोलू.

मेगापिक्सेल कमी पडतात, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? तुझा चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला ५४०० बाय ३६०० लागतात. उरतातच की. पानभर फोटो छापायची वेळ एका लग्नात किती वेळा येते, ते तुला मी सांगायला नको.

बॉडी घेतलीस की २४-७० एफ २.८ ची झूम लेन्स लागणार, मग तिचं वजन पेलणारा ट्रायपॉड, मग मोठी बॅग. हप्ते फेडायला पुढचे सगळे लग्नाचे हंगाम येईल ती ऑर्डर घ्यावी लागेल आणि स्वतःचं काही काढायला दिवस मोकळा मिळणार नाही. नाकापेक्षा मोती जड होऊन बसेल. लग्नाचं काम वाढलं, एकाच दिवशी दोन कार्यं पकडावी लागली, तर दुसरी बॉडी घ्यायला माझी ना नाही. तेव्हा ती स्वतःचे पैसे स्वतः फेडेल.

हॉलमधल्या लाइटमुळे फोटोत आडवे पट्टे येतात म्हणालास, त्यालाही नवा कॅमेरा लागत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव, बहुतेक ठिकाणी पट्टे जातील. डीजेच्या लाइटचं मात्र काही सांगता येत नाही, ते देवाच्या हवाली.

आता जेजुरीचे फोटो. सोमवतीला तू गेलास याचं मला फार बरं वाटलं. बाबांनी आणि मी सगळा फोल्डर मोठ्या स्क्रीनवर बसून पाहिला. बाबांना तो पायऱ्यांवरचा म्हातारा आवडला, दाढीत भंडारा अडकलेला. मलाही आवडला असता, पण त्यावर तू तो विकतचा प्रीसेट, रंगांचा तयार साचा, टाकलायस. सावल्या निळ्या-हिरव्या झाल्या आणि भंडारा केशरी. भंडारा म्हणजे हळद रे बाळा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला तो रंग झोपेतही ओळखू येतो. तिथे खोटं चालत नाही. अशा जागी व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस. सगळीकडे पिवळंच दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं लाइटच पिवळा आहे, मग तो निळ्याकडे ओढतो आणि माणसं आजारी दिसतात. डेलाइटवर, साधारण ५५०० केल्विनवर, बांधून टाक.

दुसरी गोष्ट त्याच फोटोतली. गाल शंभर टक्क्यांवर मोठा करून बघ. भंडाऱ्याचे कण दिसतात का? नाही, नुसता पिवळा चट्टा आहे. गडद पिवळ्यात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो. साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, सगळं ठीक दिसतं आणि आत लाल फुटलेला असतो. म्हणून कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू कर आणि एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण स्टॉपने खाली ठेव. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, चौदा बिटची असेल तर एकेका चॅनेलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. सावलीतलं तिथून उचलून घेता येतं. चुकीचा व्हाइट बॅलन्सही रॉमध्ये नंतर बदलता येतो. फुटलेलं मात्र परत येत नाही, त्या जागी काही नोंदलेलंच नसतं.

एडिटिंगवर माझं बोलणं तुला जुनाट वाटेल, पण मी आयुष्यभर टचिंगच केलंय. १२० रोलची निगेटिव्ह काचेखालच्या लाइटवर ठेवायची, टोक सुईसारखं केलेली पेन्सिल घ्यायची आणि भिंगातून बघत बारीक टिंबं देत जायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे शिसं भरलं की तेवढा प्रकाश अडतो आणि प्रिंटमध्ये ती जागा उजळते. एक टिंब जास्त पडलं तर गालावर पांढरा ठिपका, मग तो प्रिंटवर ब्रशने बुजवत बसा. या कामात आमचा नियम एकच होता: पुळी काढायची, तीळ ठेवायचा. आठवड्याने जाणारं असेल ते आपण आजच घालवलं तर कोणाचं बिघडत नाही. जन्मभराचं असेल त्याला हात लावायचा नाही. डोळ्यांखालचं काळं निम्मं करायचं, पुसायचं नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांना पाठवायचा फोटो असला की मुलीची आई हळूच सांगायची, "जरा गोरी करा." मी हो म्हणायची आणि थोडा कमी एक्स्पोजर दिलेला प्रिंट हातात ठेवायची. तिचं समाधान, आणि पोरगी ओळखूही यायची.

तू पाठवलेल्या नवरीच्या फोटोत त्या सॉफ्टवेअरने कातडी अशी सपाट केलीय की नथीची सावलीसुद्धा गालावर उरली नाही. तो स्लायडर शून्यावर आण. हीलिंग ब्रशने हाताने कर, वेगळ्या लेयरवर, आणि मग त्या लेयरची अपॅसिटी साठ-सत्तरवर आण. डॉज-बर्न, म्हणजे काही भाग उजळ आणि काही गडद करणं, तेही तसंच. फोटो मोठा करून छापायच्या एन्लार्जरखाली बाबा हाताची सावली धरून चेहरा जरा उजळ ठेवायचे आणि कोपरे जास्त वेळ भाजायचे. बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जायची, पण का गेली ते त्याला कळायचं नाही. तुझ्या फोटोत कोपऱ्यांचा काळोख लांबूनच कळतो.

आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर आण. पूर्ण उजेडाच्या स्क्रीनवर बघून तू फोटो गडद करत नेतोस आणि मग लॅबने काळे छापले म्हणून भांडतोस.

आता जे मला खरं सांगायचंय ते. त्या फोल्डरच्या तळाशी, तू नापास केलेल्यांत, एक फोटो सापडला. भंडारा वरून पडतोय, एका बाईने काखेत पोर घट्ट धरलंय, पदराने स्वतःचं नाही, त्याचं तोंड झाकायला गेलीय, तोवर पोराला शिंक आलेली. डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर घुसलंय आणि पोराचा हात थोडा हललाय. एवढ्यावरून तू तो टाकलास. मनू, सगळ्या फोल्डरात मी एवढाच ठेवला असता. कोपर क्रॉप कर, नाहीतर तसंच राहू दे, गर्दी आहे तर कोपरं असणारच. कळसाचा, दीपमाळांचा, उधळणीचा फोटो तिथे आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात असतो. ही शिंक फक्त तुझ्याकडे आहे. आणि तुला ती ओळखता आली नाही, कारण तू फोटो बघताना शार्पनेस तपासत होतास. हे दोन लाखांच्या बॉडीने सुधारणार नाही.

म्हणून एक काम सांगते. फोटो काढून आलास की त्याच रात्री निवडायला बसू नकोस, तेव्हा किती धक्के खाल्ले तेच डोक्यात असतं. आठवडा जाऊ दे. मग सगळे छोटे करून कॉन्टॅक्ट शीटसारखे एका कागदावर छाप आणि पेन्सिलने गोल कर. एका दिवसाचे चार ठेव. पाचवा ठेवावासा वाटला तर आधीच्या चारांतला एक काढ. चिडशील, पण कर. आणि तो धडाधड फोटो काढणारा बर्स्ट मोड बंद ठेव. भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला यांच्याकडे स्पीड ग्राफिक कॅमेरा होता, एका होल्डरमध्ये फिल्मच्या दोनच शीट, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की तापलेला काढून दुसरा लावायचा. बटण दाबायच्या आधीच ठरवावं लागायचं. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, पद्मविभूषण मिळालं ते २०११ मध्ये, कॅमेरा खाली ठेवून चाळीस वर्षं झाल्यावर. (आमच्या टचिंगखाली तर कोणाचंच नाव नसायचं, असो.)

पुढे काय काढू, असंही विचारलंस. यंदा जेजुरी, मग दिवे घाटातली वारी, मग नाशिकचे ढोल, असं टपटप फिरू नकोस. सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो बघ, संदेश भंडारे यांचे तमाशाच्या फडांवरचे बघ. ती माणसं कॅमेऱ्याला सरावलेली दिसतात, पुन्हा पुन्हा जाण्याशिवाय ते होत नाही. तुला पुण्यात कुठे जागा सापडत नसेल तर इथे ये. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर सगळे जातात ते पहाटे मासळी उतरताना. तू जून-जुलैत जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या वेळी तिथे एकही फोटोग्राफर फिरकत नाही. होड्या वर ओढलेल्या, वर निळी ताडपत्री, खाली बसून माणसं जाळी विणतायत, पत्ते खेळतायत, इंजिन उघडून बसलीयत. ढगाळ उजेड दिवसभर सारखा, चेहऱ्यांना त्याच्याइतका चांगला लाइट नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेव. बाबांच्या ओळखीचे आहेत तिथे, चहा पाजतील.

५० एमएमचे पैसे शनिवारी पाठवते. बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "३५ घे म्हणावं त्याला, त्याच्या सेन्सरवर ५० लांब पडते." ते बरोबर आहे, चिंचोळ्या जागी ३५ च बरी. दुकानात दोन्ही लावून बघ आणि तूच ठरव.

तुझी,
आई

ता.क. पावसाळ्यात येताना लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये आणू नकोस, इथल्या हवेत आधी पाऊचला बुरशी धरते आणि मग काचेला. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की जुन्या पातेल्यात मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापव. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नकोस, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आणि तुझ्या झूमच्या रिंगमध्ये अजून भंडारा कुरकुरतोय म्हणालास ना, त्यात फुंकर मारू नकोस, थुंकी जाते. रबरी ब्लोअर बाबांच्या खणात आहे, तो घेऊन जा.