भिंतीपलीकडच्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे लिहून काढते आहे, तेही चारचौघांत.

या शहरात आले तेव्हा सकाळी शिकवण्या, दुपारी खोलीवर रियाज, संध्याकाळी तालीम किंवा कार्यक्रम असा दिवस जायचा. प्रवासातही कानात इअरफोन असायचे, कारण काही ना काही बसवायचं बाकी असायचंच. मोकळा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

महिनाभरात तुम्ही दार वाजवलंत. भिंतीपलीकडून तक्रार येणार हे मी धरूनच चालले होते. तुम्ही विचारलंत, "रात्री पडल्यावर कानात शिट्टी वाजते का गं?"

वाजत होती. डाव्या कानात. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आयुष्यभर लोकांचे कान तपासलेत तुम्ही, म्हणून भिंतीआडूनही तुम्हाला ते कळलं. व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं, म्हणजे वाद्य डाव्या कानाला जवळजवळ चिकटलेलंच. त्यात खोली लहान, भिंती उघड्या, आवाज आपटून परत माझ्याच अंगावर येणार. तुम्ही कागदावर आकडे मांडून दाखवलेत: ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाचे ८ तास चालतो, मग वाढत्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला ४ तास, ९१ला २. जोरात वाजवताना डाव्या कानाशी आवाज ९०च्या वर सहज जातो. तो कागद अजून माझ्या स्टँडवर आहे.

मग तुमच्याकडची जाड पांघरुणं माझ्या भिंतींवर आली. "यानं आवाज माझ्याकडे यायचा थांबणार नाही हं, फक्त तुझ्या खोलीतला घुमारा कमी होईल," हेही तुम्ही सांगून टाकलंत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर, आवाज दाबणारा रबरी म्यूट लावून बोटांचा रियाज करायचा, हेही तेव्हाच ठरलं. आणि कानतपासणीला तुम्ही स्वतः मला घेऊन गेलात.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे आहेत. कानाला विश्रांती हवी म्हणून तुम्ही मला संध्याकाळी फिरायला पाठवू लागलात, इअरफोनशिवाय. पहिले काही दिवस जीव कासावीस व्हायचा. हळूहळू शहर ऐकू यायला लागलं: बसचं दार बंद होताना सुटणारी हवा, पुलाखालून जाताना बदलणारा पावलांचा आवाज, लांबून येऊन जवळून गेला की उतरणारा भोंग्याचा सूर. यातलं काहीच बसवायचं नव्हतं. घरी येऊन वाद्य हातात घेतलं की गज हलका पडायचा. पूर्वी दोन तास घासूनही न सुटणारी जागा एखाद्या वेळी पहिल्याच खेपेला सुटायची. शिट्टीही आता क्वचितच वाजते.

आणखी एक. "चार ते सहा मी बाहेरच असते, तेव्हा हवं तेवढं वाजव," असं तुम्ही म्हणाला होतात. मला वाटलं, तुमचं काही काम असेल. गेल्या आठवड्यात तालीम रद्द झाली आणि मी लवकर परतले, तर तुम्ही खाली जिन्याशेजारच्या बाकावर एकट्याच बसला होतात, हातात घराची किल्ली घेऊन. किती महिने, काकू?

उद्यापासून चार ते सहा म्यूट लावूनच वाजवीन. तुम्ही घरी थांबा, पाय वर घेऊन पडा. सहा वाजता मी दार वाजवते, मग दोघी मिळून फिरायला जाऊ.

तुमची,
शेजारची व्हायोलिनवाली