रिप्लेसमेंटचा रोल आलाय ना, घे तो

मने,

चालू नाटकात रिप्लेसमेंट म्हणून विचारलंय, करू का, असं तू काल विचारलंस. कर. एका शब्दात उत्तर हवं असेल तर इथेच थांब, पण तू कारणं मागणार हे मला माहितीये, म्हणून लिहायला बसले.

तुझं म्हणणं कळलं मला. रोल दुसरीने बसवलेला, हशे तिचे, टाळ्या तिच्या, पेपरातल्या रिव्ह्यूत नाव तिचं, आणि आपण नुसतं जाऊन तिच्या जागेवर उभं राहायचं. अगं पण माझं बरंचसं करिअर असंच झालंय. कुणाला सिरीयल लागली, कुणाला दिवस गेले, कुणाचं निर्मात्याशी बिनसलं की मला फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, शनिवारी मोकळी आहेस का. मोकळीच असायचे.

'ती फुलराणी' घे. पुलंनी लिहिलं, 1975 साली भक्ती बर्वेंनी केलं आणि असं केलं की मंजुळा म्हणजे त्याच, हे लोकांच्या डोक्यात कायमचं बसलं. त्यांच्यानंतर त्या रोलला हात लावायला काय छाती लागत असेल सांग. पण सुकन्या कुलकर्णीने केला, अमृता सुभाषने केला, आणि लोक तिकीट काढून बघायला गेलेच ना. 'चारचौघी' 1991 चं, 2022 ला नव्या संचात आलं तेव्हा रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे होत्या. अर्थात ही नाटकं नव्याने बसवलेली, तालमी रीतसर झालेल्या. तुला चालत्या गाडीत चढायचंय, ते जास्त अवघड, उगाच खोटं कशाला सांगू.

आणि तसं बघितलं तर बालगंधर्वांच्या काळात बायकांचे रोल पुरुषच करायचे, 1933 ला 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या त्याचं केवढं अप्रूप झालं. म्हणजे मूळ संच पुरुषांचा आणि आपण सगळ्याच रिप्लेसमेंट. (हे बाबांना वाचून दाखवलं, ते हसले नाहीत.)

आता कामाचं. तालमीला पूर्ण संच मिळेल या भ्रमात राहू नकोस. दिग्दर्शक दुसऱ्या नाटकात अडकलेला असतो, असिस्टंट हालचाली दाखवतो, समोरचा नट आला तर आला, नाहीतर त्याची वाक्यं कुणीतरी वहीतून वाचतं, तेही रडायच्या सीनला सपाट आवाजात. म्हणून आधी प्रयोग बघ, एकदा समोर बसून आणि मग विंगेतून. समोरून ती काय करते ते दिसतं. विंगेतून कळतं की एंट्रीआधी ती कुठे उभी असते, ट्रे हातात कोण देतं, अंधारात कुठली पायरी ठेच लावते, आणि साडी बदलायला किती वाक्यांचा वेळ आहे. पाठांतर होतं गं, साडी बदलणं होत नाही. ब्लाऊज उसवून घालशील तर आधीच सांग, कपडेपटवाल्यांना प्रयोगाच्या दिवशी सांगितलेलं आवडत नाही.

लाइट्स तिच्या जागांवर लावलेत. तू दोन पावलं पुढे आलीस की चेहरा काळा, आणि तुला ते कळणारही नाही, समोरच्यांना कळेल. जागा विचारून घे.

हशांचं नीट ऐक. ते तिचे नाहीत, नाटकाचे आहेत. समोरचा नट तिथे थांबायला सरावलेला असतो, तू आपल्या लयीत वाक्य दामटलंस तर त्याचं पुढचं वाक्य हशात बुडणार आणि तो इंटरव्हलला तुझ्याशी बोलणार नाही. सुरुवातीचे प्रयोग टायमिंग तिचंच ठेव. कॉपी म्हणतील, म्हणू देत. संच निर्धास्त झाला की मग एकेक जागा आपली करत जा, तीही न सांगता, फक्त ज्याच्याबरोबर सीन आहे त्याला आधी सांगून. एकदम सगळं बदललं की लोक बिथरतात, आणि त्यांचं चूक नाही, ते हे नाटक रोज करतायत, तू काल आलीस. थंड वागतील काही जण. बसमध्ये तिची खिडकीची सीट तेवढी पहिल्याच दिवशी पकडू नकोस.

प्रेक्षकांत कुणीतरी म्हणणारच, आधीची बरी होती. त्यातले निम्मे तिला न बघताच म्हणतात.

पैशाचं आधी बोल, हे मी ठळक अक्षरात लिहिलंय असं समज. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती, दौऱ्याचा भत्ता वेगळा का त्यातच, आयत्या वेळी प्रयोग रद्द झाला तर काय, जाहिरातीत नाव येणार का, आणि ती परत आली तर तुझं काय, हेही विचार, तोंड वाकडं झालं त्यांचं तरी विचार. ओळखीतले आहेत म्हणून गप्प बसायचं नाही, ओळखीतलेच जास्त बुडवतात. नाइटवर जगणाऱ्या माणसाला पगारी रजा नसते. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा आमची कमाई एकदम शून्यावर आली, बॅकस्टेजच्या पोरांचे तर फारच हाल झाले. म्हणून ते डबिंगचं काम सोडू नकोस. नाटकासाठी नोकरीवर लाथ मारल्याच्या गोष्टी मुलाखतीत छान वाटतात, भाड्याच्या तारखेला नाही.

पहिल्या प्रयोगाला मी येणार नाही. मी समोर असले की तू मला शोधतेस, एकांकिकेच्या वेळी पण तेच केलं होतंस, अख्खं स्वगत डाव्या कोपऱ्याकडे बघून. थोडे प्रयोग होऊ देत. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला लागलं की कळव, मी तिकीट काढून येते, पास नको, बुकिंग आधीच ढिलं असेल.

आणि निर्मात्यांना आज संध्याकाळच्या आत फोन कर. शनिवारचा प्रयोग लागलाय म्हणतेस, म्हणजे त्यांनी आणखी कुणाला तरी विचारून ठेवलेलंच असणार.

तुझी,
आई