खडूच्या वाटेवरून

स्विंडन, इंग्लंड

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

शनिवारी माझा फोन लागेना म्हणून तुम्ही जागे राहिलात, असं वहिनीने कळवलं. दिवसभर सायकलवर डोंगरधारेने फिरत होते, तिथे रेंज नव्हती. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

इथून जवळ 'रिजवे' नावाची वाट आहे. ब्रिटनमधला सर्वांत जुना रस्ता म्हणतात तिला. माणसं आणि गुरं पाचेक हजार वर्षं तिच्यावरून चालत आली आहेत. खाली चिखल आणि रान, म्हणून लोकांनी वरची कोरडी धार धरली. आज त्यातली १३९ किलोमीटर राखलेली आहे आणि पश्चिमेकडच्या भागात सायकल नेता येते. आपली सोलापूरची मैत्रीण बरोबर होती.

बाबा, आपला कातळ काळा. इथला डोंगर खडूचा, पांढराफेक! मध्ये गवताची पट्टी, दोन्हीकडे खोल चाकोऱ्या. चाक एकदा चाकोरीत उतरलं की सहजी बाहेर येत नाही, आणि रात्रीच्या पावसाने खडू साबणासारखा निसरडा झालेला. त्यात चकमकीचे दगड, पात्यासारखी धार असलेले. बार्बरी कॅसल या प्राचीन टेकडीवरच्या गढीच्या मातीच्या तटाजवळ माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलेपर्यंत डोक्यावर चंडोल गात होता. मग तिथेच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. आई, मैत्रिणीच्या घरची ही चटणी तुला नक्की आवडेल.

दुपारी वेलँड्स स्मिदीला, म्हणजे 'वेलँड लोहाराच्या भट्टी'ला, पोचलो. उभ्या शिळांचं हे थडगं पाच हजार वर्षांहून जुनं आहे. दंतकथा अशी की, रात्री इथे घोडा आणि चांदीचं नाणं ठेवावं, सकाळी घोड्याला नाल ठोकलेली असते. नाणं म्हटल्यावर मला नाणेघाटातला जकातीचा रांजण आठवला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं तुम्ही मला बोट ठेवून वाचून दाखवली होतीत आणि म्हणाला होतात, यांचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा. त्यानंतरच आपण वैशाखऱ्याहून घाट चढलो. मी सातवीत होते, शेवटच्या पायऱ्या तुमचा हात धरून.

थोडं पुढे अफिंग्टनचा पांढरा घोडा. उतारावर चर खणून खडूने भरलेली ११० मीटर लांब आकृती, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. जवळून नुसत्या पांढऱ्या रेघा दिसतात. गवत काढून, नवा खडू हातोडीने ठोकून बसवत राहिलं नाही तर ती बुजून जाईल. लोक अजूनही गुडघे टेकून ते काम करतात. आजी अंगण सारवायची ना, तसंच! त्या रेघांशी मी बराच वेळ बसून राहिले. मैत्रीण दोनदा हाक मारून गेली.

डिसेंबरात तीन आठवडे येते आहे. बाबा, गुडघ्यांमुळे घाट चढायचा नाही. जुन्नरच्या बाजूने गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. आई, तूही चल, गेल्या वेळी तू घरीच राहिली होतीस. दादाला गाडीचं आत्ताच सांगून ठेवा.

तुमची लेक