खडी कुंडीच्या तळाला नको, मातीत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला गच्चीवरच्या बागेचा लेख वाचला. बाकी सगळं छान, पण ‘पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाला खडीचा थर द्यावा’ हे वाचून राहवलं नाही. हेच मला माझ्या आईने सांगितलं, नर्सरीवाल्याने सांगितलं, शेजारच्या काकांनी सांगितलं; आणि त्यापायी माझी दोन अडेनियम (फुगीर खोडाची, पाणी साचलं की कुजणारी फुलझाडं) गेली.

पहिलं गेलं तेव्हा पावसाला दोष दिला. दुसरं जुलैअखेर मऊ पडलं. खोड दाबलं तर बोट पिकलेल्या केळ्यात गेल्यासारखं आत गेलं. कुंडी वर्तमानपत्रावर (आपल्याच, माफ करा) उपडी केली. वरची माती कोरडी, भुसभुशीत. खाली, खडीच्या बरोबर वर, चार बोटं काळा चिखल आणि त्याला गटाराचा वास. खडी म्हणाल तर जवळजवळ कोरडी. पाणी तिच्या डोक्यावर अडून बसलं होतं.

मी 31 वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकायचा थांबला की अलगद उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बारीक मातीचंही असंच. तिच्या तळाशी पाण्याचा एक पट्टा धरून राहतो आणि खालच्या खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत तो सहजी उतरत नाही. खडी घालून आपण मातीची उंची कमी करतो आणि तो ओला पट्टा मुळांजवळ वर आणून ठेवतो. उपाय एकच: मातीचं सगळं मिश्रणच भरड करायचं.

आता भरड म्हणजे किती? साबुदाण्यापेक्षा लहान नको, हरभऱ्यापेक्षा मोठं नको. मापात सांगायचं तर 3 ते 6 मिलिमीटर. पण एवढी साधी गोष्ट पुण्यासारख्या शहरात, जिथे दर चौकात इमारत उठते आहे, पाच किलो विकत मिळेल तर शपथ! नर्सरीत ‘पॉटिंग मिक्स’ म्हणून मिळते ती लाल माती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन पावसाळ्यांत तिची वीट होते. मत्स्यालयाच्या दुकानातले खडे गुलाबी आणि निळे, भाव विचारून मी परत आले. परलाइट, म्हणजे भट्टीत फुलवलेल्या दगडाचे पांढरे हलके दाणे, पोस्टाने मागवलं. हलकं आहे, चांगलंच आहे, पण पाणी घातलं की वर तरंगतं. कोरडं ओतताना त्याची धूळही नाकातोंडात जाते, आधी ओलं करून घ्यावं.

शेवटी बांधकामाचं साहित्य विकणाऱ्याकडे गेले. म्हटलं, बारीक खडी दोन घमेली द्या. तो म्हणाला, “आजी, एक ब्रासच्या खाली गाडी निघत नाही.” एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजन चार टनांच्या वर. माझी बाल्कनी खालच्या मजल्यावर गेली असती.

मग गल्लीतल्या बांधकामावरच्या वॉचमनदादांशी ओळख काढली. चहाच्या बदल्यात त्यांनी क्रश सँडच्या (दगड भरडून केलेल्या वाळूच्या) ढिगाच्या कडेला घरंगळलेला जाड माल आणि फुटक्या विटांचे तुकडे दिले. सगळं दोन चाळण्यांतून काढलं, जाड वरच्या चाळणीत अडवलं, भुकटी खाली पाडली. ही भुकटी काढणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण ती राहिली तर पोकळ्या बुजतात आणि केलेली मेहनत वाया जाते. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं.

विटेचे कोरडे तुकडे 500 ग्रॅम मोजून रात्रभर भिजत घातले. सकाळी निथळून, पुसून काट्यावर ठेवले, तर 585 ग्रॅम. दगडाची खडी जेमतेम पाच ग्रॅमने वाढली. म्हणजे वीट हवाही खेळवते आणि थोडं पाणीही पोटात ठेवते. शिवाय बाल्कनीला दगडापेक्षा तिचं वजन कमी. पण वीट नीट भाजलेली हवी. कच्ची असेल तर भिजवल्यावर बोटांत चिखल होतो. सिमेंटचा गिलावा चिकटलेले तुकडे बाजूला काढा. पांढऱ्या हलक्या ब्लॉकचेही घेऊ नका, त्यात चुना आणि सिमेंट असतं.

दगडाला लिंबू पिळून बघा. नर्सरीतले पांढरे शोभेचे खडे संगमरवराचे निघाले, चांगले फसफसले, म्हणजे त्यांत चुना. मोगऱ्याच्या मातीत ते घालू नयेत. आपला काळा दगड गप्प बसतो. रत्नागिरीची माझी बहीण जांभ्याचे चिरे तासताना पडलेली खापरं चाळून वापरते. ती सच्छिद्र असतात, तिचं काम फुकटात होतं. समुद्राची वाळू मात्र तीही घेत नाही, मीठ आणि शिंपल्यांमुळे. आणि कृपा करून टेकडीवरून मुरूम उकरून आणू नका. नदीची वाळू तर विसराच.

अडेनियमला मी आता दोन भाग विटेचे तुकडे, दोन भाग खडी आणि एक भाग चाळलेलं कंपोस्ट घालते. कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला एवढी भरड लागत नाही, तिथे तिसरा हिस्सा पुरतो.

माझं मागणं मोठं नाही. वीटभट्टीवर तुटक्या विटांचा ढीग असतो, खडी केंद्रावर चाळण्या असतात. कुणी ते चाळून, धुऊन पाच-दहा किलोच्या पिशव्यांत भरलं आणि एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात विकायला ठेवलं, तर पहिली पिशवी मी घेईन. राडारोडा वेगळा गोळा करण्याचे नियम 2016 मध्येच आले. त्यातली स्वच्छ वीट बागेसाठी का काढू नये? तोवर प्रत्येक बागवेड्याने वॉचमनला चहा पाजत हिंडायचं का?

आणि पुरवणीत तळाच्या खडीची दुरुस्ती तेवढी छापा. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की माती वाहून जात नाही, थराची गरज नाही.

आपली,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे
(नाव छापू नये, वॉचमनदादांची नोकरी आहे.)